अणुविद्येचा घटता-वाढता पट



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण दर वर्षी इथे जमतो, ते निवृत्तीच्या दिवसापर्यंत वर्गाची हजेरी स्वतः घेत, असं मला इथल्या मंडळींनी सांगितलं. म्हणून मी विषयही हजेरीचाच घेतला. वर्ग मात्र जरा लांबचा निवडला आहे, अणुअभियांत्रिकीचा. या विषयाला जगात मुलं केव्हा आली, केव्हा यायची थांबली, पुन्हा कशी आली, याचा हिशेब मांडायचा आहे. मी अणुशास्त्रज्ञ नव्हे. यंत्र अभियांत्रिकीचा मास्तर. उष्मागतिकी शिकवण्यात माझी नोकरी सरली. वाफेच्या चक्रात बॉयलर काढून तिथे अणुभट्टी ठेवली, की टर्बाइनपासून पुढे बरंचसं तेच राहतं, एवढ्या ओळखीवर मी या प्रांतात शिरलो आणि मग तिथेच रेंगाळलो.

एका आकड्यापासून सुरुवात करतो. २००१ साली सगळ्या अमेरिकेत मिळून अणुअभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडलेली मुलं सव्वाशेच्या आसपास होती. त्याच वर्षी त्या देशात शंभराहून अधिक अणुभट्ट्या वीज तयार करत होत्या आणि देशाच्या विजेतला जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्यातून येत होता. म्हणजे भट्टीमागे जेमतेम एक नवा पदवीधर. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम खासगी महाविद्यालयात एकट्या कॉम्प्युटर शाखेच्या एका वर्षाच्या तुकड्यांत याहून जास्त मुलं बसतात.

असं का झालं, असं कुणालाही विचारा. उत्तर तयार असतं: अपघात झाले, लोक घाबरले, मुलांनी पाठ फिरवली. हे उत्तर मला पटत नाही. आकडे तारखांशेजारी ठेवून पाहिले, तर गोष्ट वेगळी दिसते. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आणि त्याच्यामागे उभे असलेले आईबाप भट्टीकडे पाहत नाहीत. पुढची तीस-चाळीस वर्षं या कामात सरकार किंवा कंपनी पैसा घालणार आहे का, एवढंच ते पाहतात. आणि याबाबतीत त्यांचं नाक मंत्र्यांपेक्षाही तिखट असतं.

आता थोडं मागे जाऊ. विद्यापीठात अणुअभियांत्रिकीचा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला १९५० साली, अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना राज्यात, रॅले गावच्या स्टेट कॉलेजात. हे कॉलेज मुळात शेती आणि यंत्रविद्या शिकवण्यासाठी काढलेलं. हार्वर्ड नव्हे, प्रिन्स्टन नव्हे. ओक रिजच्या सरकारी प्रयोगशाळेतून क्लिफर्ड बेक नावाचे भौतिकशास्त्रज्ञ तिथे आले आणि त्यांनी कॉलेजच्या आवारात भट्टी बांधायचं मनावर घेतलं. महायुद्ध संपून पाच वर्षं झाली होती. अणूशी संबंधित प्रत्येक कागदावर 'गुप्त'चा शिक्का बसत होता. अशा काळात १९५३ साली रॅलेची भट्टी सुरू झाली. विद्यापीठाने बांधलेली आणि चालवलेली ती जगातली पहिली अणुभट्टी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांत शांततेसाठी अणू ही घोषणा केली आणि पैशाची दारं उघडली. शिष्यवृत्त्या आल्या, उपकरणं आली, इंधन आलं. पुढे एके काळी अमेरिकेत साठाच्या वर विद्यापीठांच्या आवारात लहान अणुभट्ट्या होत्या. आज पंचवीसच्या आसपास उरल्या आहेत.

ही विद्यापीठातली भट्टी दिसते कशी, हे सांगायला हवं, कारण आपल्या डोळ्यांसमोर येतो तो मोठा घुमट आणि शीतक मनोरा. यातल्या पुष्कळशा भट्ट्या म्हणजे पाण्याची खोल टाकी. दोन-अडीच पुरुष खोलीवर तळाशी इंधनाच्या कांड्या, वर स्वच्छ पाणी, काठाला कठडा. भट्टी चालू असली की तळातून निळा उजेड येतो. ट्रायगा नावाचा यातला प्रकार १९५६ च्या उन्हाळ्यात आखला गेला. एडवर्ड टेलर आणि फ्रीमन डायसन यांच्यासारखी माणसं त्या कामात होती. इंधन तापलं की साखळी प्रक्रिया आपोआप मंदावेल, अशी त्याची घडण. म्हणजे पोरासोरांच्या हाती दिली तरी अनर्थ होऊ नये. आणि ती खरोखरच पोरांच्या हाती दिली गेली. ओरेगन राज्यात रीड कॉलेज म्हणून एक छोटं महाविद्यालय आहे, तिथे १९६८ पासून अशी भट्टी आहे. तिथे अणुअभियांत्रिकीचा विभागच नाही. भट्टी चालवतात पदवीचे विद्यार्थी, त्यात साहित्य-तत्त्वज्ञान शिकणारेही असतात. रीतसर सरकारी परीक्षा देऊन, परवाना मिळवून ही मुलं नियंत्रण-टेबलापाशी बसतात. मला या एका गोष्टीचा फार हेवा वाटतो. का, ते पुढे येईल.

आता उतरणीकडे येऊ. अमेरिकेत १९७३ या एका वर्षात वीजकंपन्यांनी चाळीसच्या घरात नव्या अणुभट्ट्यांच्या ऑर्डरी दिल्या होत्या. त्याच वर्षी अरब देशांनी तेल अडवलं, महागाई भडकली, व्याजाचे दर चढले आणि दर वर्षी ठरल्यासारखी वाढणारी विजेची मागणी अडखळली. १९७४ नंतर दिलेली एकही ऑर्डर पुरी झाली नाही. एकामागून एक सगळ्या रद्द झाल्या. १९७८ नंतर तर कितीतरी वर्षं नवी ऑर्डरच निघाली नाही. आता विद्यार्थ्यांचा पट पाहा. पदवीच्या शेवटच्या वर्षातली मुलं १९७८ साली साडेअकराशे होती. हा त्या काळातला उच्चांक. चार वर्षांचा अभ्यासक्रम धरला तर ही मुलं आत शिरली १९७४ च्या सुमारास, म्हणजे ऑर्डरींचा पूर चालू असताना किंवा नुकता ओसरताना. त्यानंतरच्या मुलांनी वाऱ्याची दिशा ओळखली. १९८८ साली शेवटच्या वर्षात साडेसहाशे उरली. अभ्यासक्रम चालवणारी विद्यापीठं १९७५ साली ऐंशी होती, १९८७ साली सत्तावन्न.

मधल्या काळात थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातला अपघात झाला, तो २८ मार्च १९७९ रोजी. त्याच्या बारा दिवस आधी 'द चायना सिंड्रोम' हा सिनेमा लागला होता, अणुवीज केंद्रातल्या अपघाताचाच. असा योग पटकथा-लेखकालाही जुळवता आला नसता. सिनेमा आणि अपघात मिळून लोकांच्या मनात जी भीती बसली, ती खरीच होती, तिला मी नाकारत नाही. पण ऑर्डरी त्याच्या पाच वर्षं आधीच आटल्या होत्या.

इथे एक उपकथा सांगून टाकतो, जागा चुकली तरी चालेल. देशातली मुलं कमी होणार अशी चिन्हं दिसत असताना १९७५ साली बोस्टनजवळच्या एमआयटीने इराणच्या शहांच्या सरकारशी करार केला: इराणने पैसे द्यायचे आणि पन्नासच्या आसपास इराणी विद्यार्थ्यांना अणुअभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात घ्यायचं. आवारात मोर्चे निघाले, प्राध्यापकांत दोन तट पडले, तरी करार झाला. चार वर्षांत शहांचं राज्य गेलं. त्याच एमआयटीतून १९७७ साली डॉक्टरेट घेतलेले अली अकबर सालेही पुढे इराणच्या अणुऊर्जा संघटनेचे प्रमुख झाले आणि अमेरिकेशी वाटाघाटींच्या टेबलावर बसले. वर्गात कोण बसलंय हे पाहताना फी कोण भरतंय, हेही पाहावं लागतं. एवढंच.

पट आटला की पुढे काय होतं, हे शिक्षकी पेशातल्या माणसाला समजावून सांगायला नको. आधी निवृत्त प्राध्यापकाची जागा भरत नाहीत. मग विभाग यंत्र अभियांत्रिकीत विलीन होतो. मग कुलगुरूंना भट्टीच्या देखभालीचा खर्च डोळ्यांत खुपू लागतो. कॉर्नेलची भट्टी २००२ साली बंद झाली, मिशिगनची २००३ साली. मला सर्वांत चटका लावून गेली ती सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाची इमारत. १९६१ साली बांधलेल्या त्या भट्टीच्या घराला मुद्दाम काचेच्या भिंती ठेवल्या होत्या. जाता-येता विद्यार्थ्यांनी आत डोकवावं, काम चाललेलं पाहावं, म्हणून. १९८८ साली भट्टी थांबली, काही वर्षांनी विभागही मिटला. इमारत वारसा वास्तूंच्या यादीत गेली, तरी २०१६ साली पाडली गेली. तिथे संगणकशास्त्राची नवी इमारत उठायची होती. पटाचा इतिहास याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

ब्रिटनमध्ये शतक संपेपर्यंत अणुअभियांत्रिकीचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रमच उरला नव्हता. तोक्यो विद्यापीठाने १९९३ साली विभागाच्या नावातून अणू काढून तिथे क्वांटम आणला. मुलं नावाला बिचकतात असा त्यामागचा अंदाज. जर्मनी आणि स्वीडनची कथा वेगवेगळ्या वळणांनी त्याच गावी जाते, ती सोडून देतो. २००० साली प्रगत देशांच्या अणुऊर्जा संस्थेने अणुशिक्षणावर एक अहवालच काढला आणि ही चिंतेची बाब आहे का, असा प्रश्न त्याच्या नावातच घातला.

मग वारं फिरलं. अमेरिकेत वॉशिंग्टनमधलं सरकार जागं झालं, विद्यापीठांच्या भट्ट्यांना पैसे देऊ लागलं. २००५ साली ऊर्जा कायदा आला. २००९ पासून अणुसंशोधनाच्या निधीतला ठरावीक हिस्सा विद्यापीठांसाठी राखून ठेवला जाऊ लागला. वीजकंपन्यांनी पंचवीसहून अधिक नव्या भट्ट्यांसाठी परवान्याचे अर्ज केले. आणि सव्वाशेवर आलेला पदवीधरांचा आकडा दहा-बारा वर्षांत साडेसहाशेपर्यंत चढला.

आता त्या चढणीतल्या तारखा बघा. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये फुकुशिमाचा अणुअपघात झाला. जगभर टीव्हीवर स्फोटाची दृश्यं दिसली. भीतीचा सिद्धांत खरा असता, तर त्यानंतर दोन-तीन वर्षांत पट कोसळायला हवा होता. उलट अमेरिकेत २०१२ आणि २०१३ या दोन्ही वर्षी पदवीधर वाढले. आत शिरलेल्या मुलांनी विषय सोडला नाही. पट उतरू लागला तो त्यानंतर, आणि त्याचं कारण जपानच्या किनाऱ्यावर नव्हतं. ते टेक्सास आणि पेनसिल्व्हेनियाच्या खडकात होतं. शेल वायू स्वस्त झाला. गॅसवरची वीज इतकी स्वस्त पडू लागली, की चांगल्या चालणाऱ्या जुन्या अणुभट्ट्याही तोट्यात जाऊन बंद पडू लागल्या. मार्च २०१७ मध्ये अणुभट्ट्या बांधणाऱ्या वेस्टिंगहाउस कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. जुलैअखेर दक्षिण कॅरोलायनातल्या दोन अर्धवट भट्ट्यांचं काम अब्जावधी डॉलर पाण्यात घालून सोडून दिलं गेलं. २०२१ च्या सुमारास पदवीधरांचा आकडा पुन्हा पाचशेच्या खाली होता.

माझ्या म्हणण्याला सर्वांत चोख पुरावा मात्र दक्षिण कोरियाचा. तिथे कुठलाही मोठा अपघात झाला नाही. कोरियन कंपन्या अबू धाबीच्या वाळवंटात वेळेच्या हिशेबाने बऱ्यापैकी भट्ट्या बांधत होत्या. १९ जून २०१७ रोजी नवे राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांनी कोरी इथली देशातली सर्वांत जुनी अणुभट्टी बंद करण्याच्या समारंभात भाषण केलं: यापुढे नव्या अणुभट्ट्या नाहीत. तिथल्या काइस्ट या नामांकित संस्थेत विद्यार्थी आधी संस्थेत प्रवेश घेतात आणि शाखा नंतर निवडतात. त्या वर्षीच्या दुसऱ्या सत्रात शाखा निवडायची वेळ आली, तेव्हा अणू विभाग एकाही विद्यार्थ्याने घेतला नाही. एका भाषणानंतर काही महिन्यांत पट शून्यावर! ना किरणोत्सर्ग, ना स्फोट. पाच वर्षांनी सरकार बदललं, धोरण उलटलं आणि मुलं परत वळू लागली. या मुलांना कुणी भित्रं म्हणू नये. घरात बसून त्यांनी जो हिशेब केला, तो चोख होता.

पण या हिशेबात देशाचं नुकसान कुठे होतं, ते बघा. मुलांची संख्या वर्षभरात घसरते. तिचा परिणाम दिसायला वीस वर्षं लागतात, तोवर घसरणीला जबाबदार असलेला मंत्री आत्मचरित्र लिहून मोकळा झालेला असतो. फ्रान्ससारखा अणुविजेवर जगणारा देश घ्या. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फ्लामांव्हिल इथे तिसऱ्या भट्टीचं काम २००७ साली सुरू झालं. ती ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. मधल्या काळात काय घडलं, हे तपासायला सरकारच्या मागणीवरून नेमलेल्या जाँ-मार्तँ फोल्झ यांच्या अहवालाने २०१९ साली जी कारणं दिली, त्यात कौशल्याचा ऱ्हास हे एक ठळक कारण होतं. बराच काळ नवी भट्टी बांधली गेली नव्हती, आणि ज्यांनी बांधल्या होत्या ते घरी गेले होते. वाफेच्या मुख्य नळ्या जिथे काँक्रीटच्या कवचातून बाहेर पडतात, तिथल्या आठ वेल्डिंगांत खोट निघाली. ती दुरुस्त करायला माणसाचा हात पोचत नव्हता, म्हणून यंत्रमानव पाठवावे लागले. तुम्ही म्हणाल, वेल्डिंग आणि पदवीचा काय संबंध? वेल्डर तर लागतोच. पण वेल्ड कसा हवा हे ठरवणारा, कागदावर मांडणारा, तपासणारा आणि 'नाही, पुन्हा कर' असं म्हणायची हिंमत असणारा अभियंता आधी लागतो. आणि श्रोतेहो, फ्लामांव्हिलची ही भट्टी ज्या आराखड्याची आहे, त्याच आराखड्याच्या सहा भट्ट्या आपल्या राजापूर तालुक्यात, जैतापूरला उभ्या करायचा प्रस्ताव आहे. एकूण क्षमता ९,९०० मेगावॉट. त्यामुळे नॉर्मंडीतल्या त्या नळ्यांची चौकशी रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाने करणं अगदी रास्त आहे.

आता भारताकडे. आपल्याकडे गंमत अशी, की ही चढउतार आपण जवळजवळ पाहिलीच नाही. त्याचं श्रेय होमी भाभांच्या एका निर्णयाला. ऑगस्ट १९५६ मध्ये ट्रॉम्बेला अप्सरा भट्टी चालू झाली आणि पुढच्याच वर्षी भाभांनी तिथे प्रशिक्षणशाळा काढली. अणुअभियंता विद्यापीठात घडेल, मग आपण त्याला नोकरीत घेऊ, ही वाट त्यांनी पाहिली नाही. देशभरातून यंत्र, विद्युत, रसायन, धातुशास्त्र, भौतिकी अशा विषयांची चांगली मुलं उचलायची, वर्षभर पगारी शिकवायचं, इंजिनिअरला अणुभौतिकी आणि भौतिकीवाल्याला इंजिनिअरिंग, आणि वर्ष संपलं की थेट कामाला लावायचं. आज निवड गेट या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर किंवा स्वतंत्र परीक्षेवर होते, मग मुलाखत, मग वसतिगृह, विद्यावेतन, बाँड आणि शेवटी सायंटिफिक ऑफिसरचं पद. इंदूर, कल्पक्कम, हैदराबाद इथेही अशा शाळा आहेत. पट ठरवतो तो मालकच. जागा किती, तेवढीच मुलं. त्यामुळे चेर्नोबिल असो की फुकुशिमा, ट्रॉम्बेचा वर्ग रिकामा पडला नाही.

या वाटेने आलेलं आपल्या घरचं नाव म्हणजे अनिल काकोडकर. आईवडील, कमलाताई आणि पुरुषोत्तम काकोडकर, गोवा मुक्तीच्या लढ्यातले. अनिलराव माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून १९६३ साली मेकॅनिकलची पदवी घेऊन बाहेर पडले, ट्रॉम्बेच्या प्रशिक्षणशाळेत गेले, पुढे १९८५ साली सुरू झालेल्या ध्रुव भट्टीच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता आणि २००० ते २००९ ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. पदवी मेकॅनिकलची. अणुअभियांत्रिकीची नव्हे. भाभांचा हिशेब बरोबर होता.

जून-जुलैत अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप राउंडच्या दिवसांत मी बरीच वर्षं आमच्या महाविद्यालयाच्या प्रवेश मार्गदर्शनाच्या टेबलावर बसलो आहे. ऑप्शन फॉर्म भरायला आलेले वडील एका दमात म्हणतात, "सर, कॉम्प्युटर वर टाका, मग आयटी, मग एआय, मग ईएनटीसी. मेकॅनिकल अगदी शेवटी." त्या यादीत अणुअभियांत्रिकी मी तरी कधी पाहिली नाही. एका वर्षी एक मुलगी आली. सीईटीला उत्तम पर्सेंटाइल. तिने सरळ विचारलं, "बार्कमध्ये जायचंय, तर कुठली ब्रँच घेऊ?" बार्क म्हणजे ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र. मला इतका आनंद झाला, की मी पंधरा मिनिटं बोलतच राहिलो: मेकॅनिकल घे, केमिकल घे, पाया पक्का कर, गेट दे. ती ऐकत होती. शेजारी बसलेल्या तिच्या आईने मध्येच विचारलं, "क्वार्टर मिळतं ना तिथे?" मिळतं, म्हटलं. "मग घे गं मेकॅनिकल," आई म्हणाली. तुम्ही हसलात, पण त्या माउलीने काइस्टच्या विद्यार्थ्यांचाच हिशेब केला होता. फक्त उत्तर उलटं आलं.

मग भारताची पद्धत चांगली, असं म्हणून मी खाली बसायला हरकत नव्हती. पण याच पद्धतीचं मला एक मोठं दुखणं वाटतं, आणि आज मुख्यतः तेच सांगायला मी आलो आहे. अणुज्ञान आपण मालकाच्या घरात ठेवलं. विद्यापीठात ते रुजलंच नाही. आयआयटी कानपूरसारख्या एखाद्या ठिकाणी जुना अभ्यासक्रम आहे. २००८ च्या अमेरिकेशी झालेल्या अणुकरारानंतर चेन्नई-गांधीनगरकडच्या काही खासगी विद्यापीठांनीही वर्ग काढले. पण नोकरी देणारं घर एकच आणि ते आपली मुलं आपणच निवडून शिकवतं. २००५ साली होमी भाभा राष्ट्रीय संस्था अभिमत विद्यापीठ झाली, तीही अणुऊर्जा विभागाच्याच छपराखाली. भारतातल्या एकाही विद्यापीठाच्या आवारात अणुभट्टी नाही. रीड कॉलेजातला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी जे पाहतो, ते आपल्याकडे न्यूक्लिअर फिजिक्समध्ये एम.एस्सी. करणाऱ्यालाही बहुधा सहलीला जाऊन लांबूनच पाहावं लागतं.

याने काय बिघडलं? एक तर, तपासणारा आणि तपासला जाणारा एकाच वर्गातून बाहेर पडतात. १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं. त्यातल्या माणसांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण जो ज्या गुरूकडे सुरक्षिततेची व्याख्या शिकला, त्याला ती व्याख्याच तपासावीशी वाटणं अवघड असतं. माझ्या विद्यार्थ्यांना माझ्या चुका क्वचितच दिसल्या. दिसल्या त्या दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या बाह्य परीक्षकाला.

दुसरं, २०१० आणि २०११ साली जैतापूर-माडबनला प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात जे झालं, ते आठवा. एप्रिल २०११ मध्ये, फुकुशिमानंतर सव्वा महिन्याने, नाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस मेला. साखरी नाटेच्या मच्छीमारांचा प्रश्न साधा आणि बिनतोड होता: भट्टीतून समुद्रात सोडलेलं पाणी किती अंशांनी गरम असेल, ते कुठवर पसरेल आणि मासळीचं काय होईल? याचं उत्तर उष्मागतिकी आणि समुद्रशास्त्र मिळून देऊ शकतात, वर्षभराच्या मोजमापांतून. पण उत्तर द्यायला व्यासपीठावर होते एकीकडे प्रकल्पाचे शास्त्रज्ञ आणि दुसरीकडे प्रकल्पविरोधी कार्यकर्ते. ज्याचा पगार प्रकल्पातून येत नाही आणि ज्याला भट्टीतलं कळतं, असा विद्यापीठातला प्राध्यापक जिल्ह्यात सोडा, कोकणातही शोधून सापडला नसता. सापडला असता तर मच्छीमारांना तो पटलाच असता, असं नाही. पण निदान भांडण तापमानाच्या आकड्यावर झालं असतं. आम्ही अभियांत्रिकीचे मास्तर त्या काळात काय करत होतो? नॅकच्या फायली भरत होतो.

हे आज काढण्याचं कारण आहे. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुविजेचं उद्दिष्ट ठेवलं गेलं आणि लहान भट्ट्यांवरच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपये. आज आपण नऊ गिगावॉटच्या आसपास आहोत. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा करून खासगी कंपन्यांना या क्षेत्राचं दार उघडलं. म्हणजे ज्या घरात मालकच शाळा चालवत होता, तिथे आता अनेक मालक येणार. ते स्वतःची प्रशिक्षणशाळा काढतील का? मला तरी वाटत नाही. कंपनी पहिल्या दहा वर्षांत ट्रॉम्बे, तारापूर, काक्रापारचे अनुभवी लोक दुप्पट पगारावर उचलेल आणि निवृत्तांना सल्लागार नेमेल. बाजाराचा तोच नियम आहे, त्यात कंपनीला दोष देऊन उपयोग नाही. अशाने सरकारी केंद्रांतली माणसं पातळ होतील आणि नवीन कुणी घडणार नाही. मुलं तर येतीलच. नोकऱ्यांच्या जाहिराती दिसल्या, की खासगी विद्यापीठं एका वर्षात अणुअभियांत्रिकीच्या साठ-साठ जागा काढतील, यावर मी पैज लावायला तयार आहे. आईबाप रांग लावतील. शिकवणार कोण, हे मात्र कुणी विचारणार नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत काय झालं ते आपण पाहिलंय: कालचा पास झालेला आज शिकवायला उभा. ते तिथे कसंबसं खपून गेलं. इथे खपणार नाही.

म्हणून माझं मागणं मुलांच्या संख्येबद्दल नाहीच. ती धोरण आणि पगार आपोआप ओढून आणतात, हे सत्तर वर्षांचे आकडे सांगतात. मागणं आहे ते आधी शिक्षकांच्या जागांचं. मुंबई, पुणे आणि कोकणात मिळून तीन सरकारी संस्थांमध्ये यंत्र, रसायन आणि भौतिकी विभागांना जोडून कायम पदं निर्माण व्हावीत, अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीबाहेर, राज्याच्या किंवा केंद्राच्या शिक्षण खात्याच्या पैशातून. आणि त्यांपैकी एका आवारात पाण्याच्या टाकीतली छोटी शिक्षणभट्टी असावी, जिथे आर्ट्‌सचा विद्यार्थीही परीक्षा देऊन टेबलापाशी बसू शकेल. खर्च आणि सुरक्षेच्या परवानग्या यांना वर्षं लागतील, हे मला कळतं. पदं मात्र उद्या निघू शकतात, आणि ती भरेपर्यंत शिकवायला माणसंही आहेत. दर वर्षी ट्रॉम्बेहून साठीत निवृत्त होणारे अभियंते चेंबूर, देवनार, वाशी, पनवेल इथे राहतात. त्यांतले काही आत्ता या सभागृहातही बसले असतील. हार्बर लाइनने वडाळ्याला उतरलं, की माटुंग्याचं व्हीजेटीआय फार लांब नाही. त्यांना अजून कुणी बोलावलेलं नाही, एवढंच.